शिकाऊ गाडीतले पेशंट

२९ मार्च

आख्खा आठवडा गेला, मी कोणावर ओरडले नाही. "क्लच हळू सोडा", "आरसा कशाला दिलाय?", "अहो, ब्रेक दाबा, डोळे काय मिटताय!" यातलं एकही वाक्य तोंडून निघालं नाही. घसा बरा झालाय, डोकं बिघडत चाललंय. म्हणून हे लिहिणं.

साथीमुळे सगळं बंद. माझं ड्रायव्हिंग स्कूल तर पहिल्या दिवशीच बंद झालं, कारण शेजारी खेटून बसल्याशिवाय गाडी शिकवता येत नाही. रोज सकाळी खाली जाऊन गाडी थोडा वेळ चालू ठेवते, नाहीतर बॅटरी बसेल. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचा सेक्रेटरी गॅलरीत येऊन घड्याळ बघतो. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याला वाटतं, वारासुद्धा आपल्याला विचारून आत यावा.

घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. नवरा आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बाईकडे गेला. तोवर मी त्याला 'हे' म्हणायचे, आता 'तो' म्हणते. एका अक्षराचं काम. स्कूल त्याचं होतं. गाडी जुनी म्हणून इथेच टाकून गेला, ती मी चालवायला लागले. सासूबाई का राहिल्या ते मला आजवर कळलेलं नाही. घर त्यांच्या नावावर आहे, दुसरं काय असणार. चौऱ्याहत्तर वय, बोलणं मोजकं, नजर तिखट. दिवसभर बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून असतात. मी कधी गेले, कधी आले, सगळी खबर त्यांना.

३ एप्रिल

आज जे झालं त्याबद्दल मी सासूबाईंना अजून माफ केलेलं नाही.

दुपारी मी आंघोळीला गेले होते. बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांच्या बायकोचा आवाज आला. मास्तरांना दोन दिवस ताप होता, आता श्वास घेता येत नव्हता. अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले थांबा, टॅक्सी यायला तयार नाही. मी दाराला कान लावून ऐकतेय, तर सासूबाईंचा आवाज: "रडू नका. ही नेईल."

मला विचारलं नाही, सवरलं नाही. ओल्या केसांनी बाहेर आले, तर माझ्या हातात गाडीची किल्ली दिली.

"आई, मला काही झालं म्हणजे?"

"खिडक्या उघड्या ठेव," एवढंच म्हणाल्या, आणि जाऊन खिडकीशी बसल्या. बोलायला काय जातं.

मास्तरांना चौघांनी धरून आणायला हवं होतं. चौघं कुठून आणू? प्रत्येक मजल्यावर दारं किलकिली व्हायची आणि बंद व्हायची. शेवटी मी आणि त्यांची बायको, दोघींनी त्यांना एकेक पायरी उतरवलं.

चौकात पोलिसांनी दोरी बांधून अडवलं. एक चष्मेवाला हवालदार गाडीवरचा बोर्ड बघून म्हणाला, "बाई, आत्ता कसली शिकवणी? आणि मागे बसून कोण गाडी शिकतं?"

म्हटलं, "मागचे श्वास घ्यायला शिकताहेत. सोडता का?"

त्याने वाकून आत पाहिलं आणि दोरी खाली टाकली.

हॉस्पिटलच्या गेटवर प्लास्टिकच्या पोशाखात नखशिखांत गुंडाळलेल्या एक मावशी होत्या. फक्त डोळे दिसत होते. त्यांनी चाकाची खुर्ची आणली, मास्तरांना उचललं आणि मला म्हणाल्या, "गाडी धुवा, मग हात धुवा, मग परत गाडी धुवा." मास्तर आत गेले. बायकोला आत घेतलं नाही. तिला परत आणताना ती मागे बसून एकच विचारत होती, "त्यांचा चष्मा राहिला का हो गाडीत?" चष्मा नव्हता राहिला. मी दोनदा गाडी थांबवून शोधला.

६ एप्रिल

गाडीच्या दोन्ही अंगांना स्कूलचा फोन नंबर हातभर अक्षरांत रंगवलेला आहे. हॉस्पिटलच्या गेटवर उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो वाचला असणार. कालपासून घरचा फोन खणखणतोय. तो बाहेरच्या खोलीत, सासूबाईंच्या कोपरापाशी. मी 'नाही म्हणा' असा हात करते आणि त्या पत्ता उतरवून घेतात.

"आई, ही गाडी शिकवायची आहे. अॅम्ब्युलन्स नाही."

"मग फोनवर तूच सांग त्यांना," म्हणाल्या आणि रिसिव्हर पुढे केला.

पलीकडे एक मुलगी होती. तिच्या बापाला उठवत नव्हतं. मी काय सांगणार? कुठला मजला विचारलं.

आता पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे न्हाणीघराचा पडदा लावलाय, पिवळ्या बदकांचा. सासूबाईंनी त्याला कडा शिवून दिल्या. वाकड्या शिवल्यात. मी बोलले नाही.

९ एप्रिल

आज मागे एक गृहस्थ होते, तापाने फणफणलेले, पण तोंड सुरू. "तिसरा टाका. अहो, आता तिसरा टाका! हॉर्न द्या!" बायको म्हणाली, "गप्प बसा, त्या शिकवतात." तर म्हणतात, "म्हणूनच सांगतोय, शिकवणाऱ्यांना कोण सांगणार?" हॉस्पिटलपर्यंत माझी परीक्षा घेतली. उतरताना म्हणाले, "पास." मावशींनी त्यांना खुर्चीत बसवलं तर ते मावशींनाच खुर्ची कशी ढकलायची ते शिकवायला लागले.

असा माणूस मरत नाही. मी पैजेवर सांगते.

११ एप्रिल

सेक्रेटरीने जिन्याशी नोटीस चिकटवली: आजारी माणसं वाहून नेणारी गाडी आवारात उभी करू नये. खाली चार सह्या. मी घरी येऊन पेन घेतलं, परत गेले आणि खाली लिहिलं: "पोस्टमास्तर हॉस्पिटलात कोणत्या गाडीतून गेले?" सेक्रेटरी धावत खाली आला.

"मॅडम, नोटिशीवर असं लिहिता येत नाही."

"लिहिलं ना आत्ता."

"हा सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच तर गाडी काढते."

"उद्यापासून तुमच्या जागेला साखळी लागेल," म्हणाला. लाव म्हटलं.

१३ एप्रिल

साखळी लागली नाही. सेक्रेटरीचा आवाज नेहमी मोठा आणि काम छोटं.

सासूबाईंचं मात्र काहीतरी नवीनच. आज परत आले तर त्या खाली, माझ्या गाडीच्या जागेत, प्लास्टिकची खुर्ची टाकून भर उन्हात बसलेल्या. डोक्यावर पदर, मांडीवर घरचा फोन. वायर गॅलरीतून खाली सोडलेली! कालही तिथेच होत्या म्हणे, मी निघाल्यापासून येईपर्यंत. सेक्रेटरी साखळी हातात घेऊन समोर उभा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

मी हॉर्न दिला तेव्हा उठल्या, खुर्ची उचलली, वर गेल्या.

या वयात ऊन खायची हौस! चक्कर येऊन पडल्या म्हणजे मला निस्तरायला लागेल. रात्री बोलले त्यांना. ऐकून घेतलं आणि उद्यासाठी छत्री काढून ठेवली.

१६ एप्रिल

आज वेळेत पोचलो नाही. लिहवत नाही.

१७ एप्रिल

लिहिते.

तरुण होता. बायको मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, सारखी बोलत होती. घरातल्या गोष्टी. नळ गळतोय, तो दुरुस्त करायचाय, मुलीचा दात पडला. पुलावर ती बोलायची थांबली. मी आरशात पाहिलं. पडद्यावरची बदकं तेवढी हलत होती. मी गाडी तशीच पळवत राहिले, पोचल्यावर काही वेगळं होईल असं वाटून. मावशींनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या बाजूचं दार उघडून माझा हात स्टिअरिंगवरून सोडवला.

घरी आले आणि सासूबाईंना सांगितलं, बस, संपलं, उद्यापासून नाही. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला, मी पिऊन संपवेपर्यंत समोर बसल्या, मग म्हणाल्या, "तो एकटा नव्हता ना?"

"नाही. बायको होती."

"आणि तू."

सकाळी फोन वाजला. गेले.

१९ एप्रिल

त्याचा फोन रविवारी येतो, आईची चौकशी करायला. आज जिना चढताना सासूबाईंचं बोलणं कानावर पडलं. "नाही रे, कुठे जाते ती? घरातच असते. गाडी कधीच बंद केली तिने." मी दारात उभी, हातात किल्ली, अंगाला हॉस्पिटलचा वास. मला बघून त्यांनी आवाजही खाली केला नाही.

लाज वाटते त्यांना माझी. सून लोकांचे आजार वाहून नेते हे मुलाला सांगायची लाज. मग पत्ते कशाला उतरवून घेतात? माणसाला दोन तोंडं असतात, सासूला तीन.

२४ एप्रिल

भाजीत आज मीठच मीठ. काल अजिबात नव्हतं. विचारलं तर "मला बरोबर लागलं" म्हणाल्या. बरोबर लागलं! मुद्दाम करतात.

शिवाय नवीन फर्मान: मी त्यांच्या खोलीत जायचं नाही. "तू बाहेरून येतेस." ताट वेगळं, पेला वेगळा, फोनही आत ओढून घेतलेला, दार लावलेलं. मला वाळीत टाकलंय, तेही माझ्याच घरात. बरं, त्यांच्या घरात.

मी ओरडले. दारापलीकडे ऐकू जाईल असं ओरडले. "तुम्हीच मला यात ढकललंत ना? त्या दिवशी 'ही नेईल' कोण म्हणालं?" आतून मग पत्ता आला. पत्तेसुद्धा हल्ली तोडून तोडून सांगतात, अर्ध्या वाक्यात थांबतात. माझ्याशी पूर्ण वाक्य बोलायचीही इच्छा उरलेली नाही.

२६ एप्रिल

मी गाढव आहे. महागाढव आहे. शिकणाऱ्यांना सांगते आरशात बघा, आरशात बघा, आणि माझ्याच घरात दाराआड...

सकाळी फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. दार ढकललं. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर टेकून. ओठ निळे. पेन्सिल हातात, कागदावर अर्धा पत्ता.

"कधीपासून?" मी विचारलं.

बोटांनी दाखवायला लागल्या. मी मोजलं नाही.

"आई, सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर," श्वास घेतला, "तू गाडी बंद केली असतीस."

मी त्यांना पाठीवर घेऊन उतरले. कशी उतरले माहीत नाही. यावेळी एक दार उघडलं. सेक्रेटरीची बायको बाहेर आली आणि नवरा आतून "अगं, अगं" करत असताना तिने सासूबाईंचे पाय धरले आणि शेवटपर्यंत सोबत आली.

सासूबाई मागे बसायला तयार नाहीत. पुढे, शिकवताना जिथे मी बसते त्या सीटवर बसल्या. तिथे पायाशी माझे जादा ब्रेक आणि क्लच असतात. म्हटलं, "पाय मागे घ्या." "कळतं मला," म्हणाल्या.

पहिल्या हॉस्पिटलात जागा नाही. दुसऱ्यात गेटच उघडलं नाही. तिसरं नेहमीचं. तिथला रखवालदार ओळखीचा, तोही हात हलवून 'नाही' म्हणाला. "बाई, व्हरांड्यातसुद्धा माणसं आहेत. गाडी मागे घ्या."

मी गाडी पोर्चच्या कडेला लावली, अॅम्ब्युलन्सला जागा राहील अशी. किल्ली काढून खिशात टाकली आणि सासूबाईंना घेऊन पायरीवर बसले.

"इथे बसता येणार नाही."

"रोज मी आणलेली माणसं तुम्ही आत घेतलीत तेव्हा मी गाडी मागे घेतली. आज नाही घेणार. काय करायचं ते करा."

"मी साहेबांना बोलावतो."

"बोलवा. येताना त्यांना खुर्ची आणायला सांगा."

माझा आवाज इतका वर गेला होता की व्हरांड्यातली माणसं मान उचलून बघायला लागली. त्यांतला एक, बरा होऊन बाहेर पडायच्या वाटेवर असलेला, स्वतःची खुर्ची रिकामी करून उभा राहिला. भिंतीला धरून उभा राहिला. तेवढ्यात गेटच्या मावशी आल्या. त्यांनी ना मला विचारलं, ना रखवालदाराला. सासूबाईंना उचलून त्या खुर्चीत बसवलं, ऑक्सिजनची नळी ओढून आणली आणि म्हणाल्या, "आता जा. बाई, आरडाओरडीने हवा कमी होते."

सासूबाईंनी नळी लागल्यावर डोळे उघडले आणि मला हाताने 'नीघ' केलं. तसंच, जसं रोज खिडकीतून करतात.

२७ एप्रिल

त्याला मीच फोन केला. सगळं सांगितलं.

"तू मारलंस तिला," म्हणाला. "रोज घरी मरण आणत होतीस. ती तर म्हणत होती गाडी बंद आहे."

एरवी मी एकाला चार ऐकवते. आज एकच ऐकवलं. "तू आठ वर्षं कुठे होतास?" आणि फोन ठेवला.

पण तो म्हणाला ते डोक्यातून जात नाही. मीच आणलं असणार. हात धुतले, कपडे जिन्यात बदलले, बदकांचा पडदा रोज उकळत्या पाण्यात घातला, तरी मीच आणलं असणार. दुसरं कोण बाहेर जातं?

रिसिव्हर काढून बाजूला ठेवलाय. गाडी उभी आहे. सेक्रेटरी गॅलरीत आला, गाडीकडे बघून माझ्याकडे बघून हसला. हसू दे.

३० एप्रिल

हॉस्पिटलातून रोज एक ओळ कळते: "आहेत तशाच." घरात इतकी शांतता की नळाचा थेंब पडला तरी दचकते.

२ मे

मोबाइल वाजला, अनोळखी नंबर. मी घाबरतच उचलला.

"घरचा फोन का लागत नाही?" सासूबाई! आवाज फाटलेला, पण राग अख्खा.

"आई! तुम्ही कशा आहात?"

"मावशींचा फोन आहे, लवकर बोल. रिसिव्हर नीट ठेवला नाहीस का?"

"काढून ठेवलाय."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मला वाटलं, संपली ताकद. मग म्हणाल्या, "इथे माझ्या शेजारी एक बाई आहे. बरी झाली. घरचे न्यायला येत नाहीत, घाबरतात. दुपारी गेटवर उभी राहील."

"आई, माझ्यामुळे तुम्हाला..."

"ते घरी आल्यावर भांडू. ती हिरव्या साडीत आहे."

मी रिसिव्हर जागेवर ठेवला. दुपारी गेले. हिरव्या साडीतल्या बाईला तिच्या दारापर्यंत सोडलं आणि घरच्यांनी दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढलं नाही.

११ मे

सासूबाई घरी आल्या. आता सगळं सविस्तर लिहिते, कारण असं परत व्हायचं नाही.

सोडणार म्हणून कळल्यावर मी गाडी धुऊन पुसून गेटवर नेली. बघते तर तो आलेला. प्रवासाचा परवाना काढून, इतक्या लांबून, मोठी पांढरी गाडी घेऊन. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईला मी नेतोय. तुझं झालं तेवढं पुरे."

मी काय बोलणार? आई त्याची. माझ्याशी तिचं नातं त्याच्यामुळेच.

मावशींनी सासूबाईंना खुर्चीतून बाहेर आणलं. निम्म्या झाल्यात. त्याने मागचं दार उघडलं. आत थंडगार, उशीसुद्धा ठेवलेली. म्हणाला, "आई, चल. घरी जाऊ."

"घरीच चाललेय."

"माझ्या घरी, आई."

"तुझं घर कुठे आहे मला माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या. "आठ वर्षांत तू बोलावलं नाहीस. पत्ता सांग, कधीतरी येईन."

"त्या बाईमुळे तू मरायला टेकली होतीस!"

"फोन मी घेत होते," त्या म्हणाल्या. इथे त्यांना दम लागला, पण हात वर करून त्याला थांबवून ठेवलं. "ती जात होती ते मी पाठवत होते म्हणून. तुला ओरडायचंय ना, मला ओरड. मी आई आहे तुझी, मला चालेल. तिला तू काही बोलायचं नाहीस. तो हक्क तू स्वतःच सोडून गेलास."

मग मावशींना म्हणाल्या, "बोर्डवाल्या गाडीकडे न्या."

तो दार धरून तसाच उभा. मला क्षणभर त्याची दया आली, क्षणभरच. गेटबाहेर वळताना आरशात पाहिलं, तर थंडगार गाडीचं दार अजून उघडंच होतं.

वाटेत विचारलं, "आई, तेव्हाही तुम्ही त्याच्याबरोबर का गेला नाहीत?"

बाहेर बघत राहिल्या. "तुझा डावा इंडिकेटर चालू राहिलाय," म्हणाल्या.

खरंच राहिला होता.

१४ मे

दोन गोष्टी. सेक्रेटरीच्या बायकोने सूप आणून दिलं आणि सांगितलं की त्या उन्हातल्या खुर्चीमुळेच साखळी लागली नाही. "तुमच्या सासूबाई म्हणाल्या, आधी मला उचला, मग साखळी लावा." मी सूप हातात घेऊन किती वेळ उभी होते, कोणास ठाऊक. ऊन खायची हौस म्हटलं होतं मी. इथेच वर लिहिलंय. खोडत नाही, राहू दे.

दुसरी: परिवहन कार्यालयाचं पत्र. तक्रार आलीय की शिकाऊ गाडीतून बेकायदा माणसं नेली. सेक्रेटरीचंच काम. तो शपथेवर नाही म्हणतो, पण त्याच्या शपथेला काय किंमत. नवल एवढंच की तक्रारीत सासूबाईंचं वय बरोबर लिहिलंय, त्या कोणत्या तारखेला दाखल झाल्या तेही.

सासूबाईंनी पत्र वाचलं, घडी घातली. नंतर स्वतःहून कोणाला तरी फोन लावला. मला एकच वाक्य ऐकू आलं: "आता रविवारी फोन करू नकोस." आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. जेवल्या नाहीत. बिचाऱ्यांच्या तोंडाला अजून चव आली नसेल.

२१ मे

आज हजर राहिले. मोठ्या खोलीत लांब टेबल, एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला मी. मधे इतकं अंतर की दोघांनाही ओरडावं लागत होतं.

"परवानगी कोणी दिली?"

"कोणी नाही."

"मग कोणाच्या जबाबदारीवर?"

"माझ्या."

"बाई, हे प्रशिक्षणाचं वाहन आहे. यात प्रवासी बसवता येत नाहीत."

"साहेब, प्रवासी एकही नव्हता. प्रवासाला कोण निघालं होतं?"

साहेबांनी चष्मा पुसला. "चूक झाली असं लिहून द्या, ताकीद देऊन सोडतो."

मोह झाला. खोटं कशाला लिहू, फार मोह झाला. स्कूल गेलं तर मला दुसरं काही येत नाही. पेन हातात घेतलंही. मग त्या पुलावरची बायको आठवली, तो गळणारा नळ. चूक झाली असं लिहायचं म्हणजे तिलाही लिहायला हवं, की तिने बोलावलं ती चूक. पेन ठेवलं.

"साहेब, चूक नाही झाली. शिक्षा काय ती सांगा."

साहेब बराच वेळ कागद उलटेपालटे करत होते. शेवटी हुकूम लिहिला: ड्रायव्हिंग स्कूल तीन महिने बंद ठेवावं.

मी मुकाट्याने सही केली. जिना उतरताना लक्षात आलं आणि तिथेच पायरीवर बसून हसले. आख्खं जग बंद आहे. स्कूल मार्चपासून बंदच आहे! साहेबांना हे माहीत नव्हतं की माहीत होतं, ते मी ठरवलेलं नाही.

घरी सांगितलं तर सासूबाई इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. मी पाठीवर हात फिरवत बसले. त्यांनी फिरवू दिला.

"आई," म्हटलं, "तुम्ही पुन्हा आजारी पडलात तर?"

"तर तू आहेस."

"आणि मी पडले तर?"

"मी शिकेन गाडी," म्हणाल्या. थट्टा करत नव्हत्या. मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. ऐकलं असं वाटत नाही.

हे लिहीत असतानाच फोन वाजला. पत्ता त्यांनी दोन दमांत सांगितला, पण पूर्ण सांगितला. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट बंद. आजोबा अंगाने भारी आहेत आणि खाली यायला तयार नाहीत, घरातल्यांवर चिडलेत. चिडलेत म्हणजे श्वास आहे.

निघते.